दगडी जाते घेताय? आधी दगड बघा

सध्या विकायला असलेली बहुतेक नवी जाती दिसायला देखणी आणि दळायला कुचकामी आहेत. सहा-आठ इंची, यंत्रावर कापून गुळगुळीत केलेले जाते लग्नातल्या हळदीच्या मुहूर्ताला चालून जाते. खुंट्याला सुपारी बांधली, चार हळकुंडे फिरवली, काम झाले. पण घरी ज्वारी दळायची किंवा तूर भरडायची असेल तर हे जाते घेऊ नका. वरची तळी, म्हणजे फिरणारा वरचा दगड, इतकी हलकी असते की दाणा फुटत नाही, नुसता गोल फिरत राहतो.

दळायला किमान एक फूट व्यासाचे जाते हवे आणि वरची तळी अडीच इंच जाड हवी. काळ्या पाषाणाची एवढी तळी साधारण 13 किलो भरते. ताणकाटा घेऊनच जा. याच मापाची तळी 11 किलोच्या आसपास भरली तर ती सिमेंट आणि खडीची ओतीव असण्याची शक्यता मोठी. तिची कड नखाने खरवडून पाहा, भुकटी आली तर तिथेच सोडा.

खरा निकाल मात्र दगडाच्या जातीवर लागतो. दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर साचलेला. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र असतो आणि त्या छिद्रांत पुष्कळदा पांढरी खनिजे भरलेली असतात. असा पांढऱ्या ठिपक्यांचा दगड जात्याला वाईट, कारण ठिपके सुटून पिठात येतात आणि भाकरी कचकच लागते. थराच्या पोटातला अगदी घट्ट दगड टिकाऊ, पण लवकर गुळगुळीत होऊन दाणा घसरवतो. हवा तो मधला: काळसर, जड, मोहरीपेक्षा बारीक छिद्रांचा, ठिपके नसलेला. असा दगड झिजतानाही खरखरीत राहतो. जांभ्याचा तर विचारही नको.

हे ज्ञान प्रयोगशाळेतले नव्हे, गावाशेजारच्या खाणीतले. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला इ. स. पू. 1600 ते 700 या काळातली शेतकरी वस्ती सापडली. तिथे दाणे पाट्यासारख्या दगडावर रगडून दळत. सातवाहन काळापर्यंत नेवाशासारख्या ठिकाणी गोल फिरणारी जाती आलेली दिसतात. दगड एवढा जड, की तो लांबून आणणे परवडण्यासारखे नाही. म्हणून टेकडीच्या उतारावर दहा-वीस हात खोदलेली लहानशी खाण आसपासच्या गावांना पुरायची. जाते, पाटा, उखळ, गुरांची डोणी, देवळाची पायरी, वेशीवरचा वीरगळ, सगळे त्याच दगडाचे. काम उन्हाळ्यातले, कारण पावसात खड्डा भरतो. खड्डा भरला की गुरांना पाणी. किल्ल्यांवर तर तटाला दगड काढलेल्या जागांचीच पाण्याची टाकी झाली.

खाण आणि घर यांच्यामधला दुवा म्हणजे टाकी लावणारा, म्हणजे टाकी नावाच्या छिन्नीने ठोके मारून गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरखरीत करणारा माणूस. वडार समाजात गाडीवडार दगड वाहणारे, मातीवडार मातीकाम करणारे आणि जातेवडार जाती घडवणारे, अशी कामाची वाटणीच होती. जातेवडार कुटुंबे गावोगाव फिरत, जात्या-पाट्यांना टाकी लावत आणि मोबदल्यात धान्य घेत. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक पुष्कळ झाले, टाकीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पण बोथट जात्यावर ओवी काय, शिवीच सुचेल.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: टाकी कोण लावणार? बहुतेकांकडे उत्तर नसते. वस्तू घरपोच येते, ती जिवंत ठेवणारी सेवा येत नाही. या एका मुद्द्यावर हाताने घडवणाऱ्या पाथरवटाकडचे ओबडधोबड जाते चकचकीत जात्याला मागे टाकते.

टाकी कधी लावायची ते जातेच सांगते. ते अचानक हलके फिरू लागते, पीठ कोमट लागते आणि दाणे फुटण्याऐवजी चपटे होऊन बाहेर येतात. टोकदार पोलादी टाकी आणि अर्धा किलोचा हातोडा घेऊन मधल्या भोकापासून कडेकडे ठोके मारत जायचे. दोन ठोक्यांत तीन-चार मिलिमीटर अंतर, खोली जेमतेम एक मिलिमीटर. कडेची दोन बोटे रुंद पट्टी सगळ्यांत बारीक टाचायची, कारण शेवटचे पीठ तिथेच होते. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके हवेच. खोल टाचे मारण्याचा मोह टाळा, त्यात पीठ अडकून सडते.

रचनाही तपासा. खालची तळी मध्ये किंचित फुगीर आणि वरची किंचित खोलगट हवी, म्हणजे मधोमध दाणा शिरेल एवढी फट राहते आणि कडेला ती मिटते. कडेला पोस्टकार्ड सहज शिरत असेल तर पीठ मिळणार नाही, भरडच पडेल. डाळीला मात्र फट मुद्दाम वाढवतात, त्यासाठी मधल्या खुंटीवर चिंधीची चकती घालून वरची तळी जराशी उचलतात. भोक मधोमध नसेल तर तळी एका बाजूला ओढते आणि एकाच अंगाने झिजते. याला दुरुस्ती नाही.

नव्या जात्यातले पहिले तीन-चार घास जाड्याभरड्या तांदळाचे घाला आणि ते पीठ फेकून द्या. गुरांनाही घालू नका. मग चमचाभर पीठ पेल्यातल्या पाण्यात ढवळा, पांढरे पाणी हळूच ओता आणि तळाशी राहिलेले बोटाने चोळा. कचकच लागली तर आणखी दोन घास. रिकामे जाते फिरवू नये ही जुनी समजूत अगदी रास्त आहे, दगडावर दगड घासून निघणारी कच पुढच्या दळणात उतरते. जाते धुऊ नका, काथ्याच्या कुंच्याने झाडा.

कोपऱ्यात पडलेले जुने जाते मिळाले तर नव्यापेक्षा ते बरे, पण वरची तळी दीड इंचापेक्षा पातळ झाली असेल तर तिच्यात दळण्याइतका भार उरलेला नाही. पुष्कळ जुन्या तळ्यांना खुंट्याची दोन भोके दिसतात. एकीकडची कड तुटली म्हणून समोर दुसरे पाडलेले असते. पावसात खुंटा फुगतो आणि कडेजवळचे भोक उलते. त्यात वावगे काही नाही, फक्त चीर मध्यापर्यंत गेलेली नको. तळी सुतळीला टांगून लहान हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर आत तडा आहे.