कॅनालप्लॅन एसी : मार्ग चोख, वेळेत मात्र भर घाला

इंग्लंडच्या कालव्यांवर आठवडाभर नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठीची लांबट, चिंचोळी बोट) भाड्याने घ्यायची असेल, तर पैसे भरण्याआधी कॅनालप्लॅन एसी या फुकटच्या संकेतस्थळावर मार्ग टाकून पाहावा. कुठून निघणार, कुठून कुठून जाणार, रोज किती तास बोट चालवणार एवढं भरलं की मैल, फर्लांग (हो, आजोबांचा फर्लांग तिथे अजून चालतो), लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे कप्पे) आणि रोजचे मुक्काम पुढ्यात येतात. बोटीची मापंही भरता येतात.

फोर काउंटीज रिंग ही कालव्यांवरची गोल फेरी घ्या. ११० मैल, ९४ लॉक. ताशी ३ मैल आणि दर लॉकला १५ मिनिटं धरली तर ६० तास. बोट शनिवारी दुपारी ताब्यात आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत, म्हणजे मधले सहा दिवस रोज जवळपास दहा तास. नवखे इथेच फसतात. त्यांनी लॉकचा वेळ २० मिनिटं भरावा. आठ तास वाढतात, आणि ही फेरी आठवड्यात बसत नाही हे घरबसल्या कळतं. लॉकमध्ये घाई नकोच. खाली उतरताना बोटीची मागची बाजू भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे हवी. ती वरच्या दारापाशी पाण्याखाली असलेल्या उंबऱ्यावर अडकली आणि पाणी उतरत राहिलं, तर नाक खाली जाऊन बोट बुडते.

वेगमर्यादा ताशी ४ मैलांची असली तरी अडीचच भरा. बांधलेल्या बोटींजवळून मंद जावं लागतं, आणि उथळ पाण्यात थ्रॉटल वाढवून वेग मिळत नाही. मागचा भाग बसतो, लाट काठ खाते.

लॉकवरची रांग आणि पाण्याची टाकी भरायला लागणारा अर्धा-पाऊण तास स्वतःच धरायचा. याच फेरीतला हेअरकॅसल बोगदा २,९२६ यार्डांचा, एकेरी. आत सोडण्याच्या वेळा ठरलेल्या. उशीर झाला तर रात्र बोगद्याच्या तोंडाशीच. फेरीतल्याच श्रॉपशर युनियन कालव्यावर बऱ्याच ठिकाणी काठालगत पाण्याखाली दगडी कट्टा आहे, बोट काठाला लागत नाही. म्हणून तिथला मुक्काम तासांच्या हिशेबावर न सोडता बोटी बांधण्याच्या ठरलेल्या जागीच ठेवा. नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी काही लॉक बंद असतात. त्याच्या सूचना कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आदल्या दिवशीही बघाव्यात.

रिंग सोडून त्याच वाटेने परत यायचं ठरलं, तर बोट वळवायची जागा आधी शोधा. ५० फुटांच्या जागेत ६० फुटी बोट वळत नाही, आणि पुढची जागा कधी कधी चार लॉक पलीकडे असते.