दारू सोडताना चर्चचा छोटा गट: आठ महिन्यांनंतर

व्यसनमुक्ती केंद्रात भरती न होता, नोकरी सांभाळून दारू सोडणाऱ्यांसाठीचा हा गट. दर गुरुवारी साडेसातला, चर्चमागच्या संडे स्कूलच्या खोलीत. धाटणी ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ची, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये १९९१ साली सुरू झालेली: एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना) बारा पायऱ्या आणि डोंगरावरील प्रवचनातल्या ‘धन्य ते’ वचनांवर बेतलेली आठ तत्त्वं.

रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडून थेट इथे येऊ नये. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. ते काम मुंबईतल्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीचं. गट त्यानंतर.

सभा दीड तासाची. एक स्तोत्र, प्रार्थना, मग फेरी. माणशी पाच मिनिटं, खुर्चीवर स्वयंपाकघरातला टायमर. मध्ये बोलायचं नाही, ‘मी सांगतो तुला’ तर अजिबात नाही. पुरुष आणि बायका वेगळ्या खोल्यांत. आठच्या वर माणसं गेली की गट फोडावा; नाही तर शेवटचे दोघं ‘सगळं ठीक’ म्हणून घड्याळ बघतात.

खरा उपयोग फोनचा. गटातल्या दोघांचे नंबर घ्यायचे आणि स्टेशनबाहेरच्या बारपासून रिक्षाच्या रांगेपर्यंतची ती पाच मिनिटं कॉल चालू ठेवायचा. लग्नातलं ‘उंबराचं पाणी’ (विहिरीवरून पाणी आणायचा विधी) असो की मयतीनंतरची बैठक, कोणासोबत जाणार आणि किती वाजता निघणार हे आदल्या दिवशीच फोनवर ठरवायचं.

गट नासतो तो ‘प्रार्थनेच्या विषया’मुळे. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा, परत घसरलाय’ असं कोणी कळवळून सांगतं आणि रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) पोर्चमध्ये त्याचीच चर्चा. म्हणून आपल्या धर्मग्रामातला (पॅरिशमधला) गट टाळून दोन स्टेशनं पुढचा निवडावा. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त वेळ कळवण्यापुरता.

दुसरं दुखणं गोळ्यांचं. कोणाची साक्ष, म्हणजे देवाने बरं केल्याचा अनुभव, ऐकून भारावलेला माणूस ‘प्रभूने बरं केलं’ म्हणत औषध बंद करतो. डॉक्टरला न विचारता हे नकोच. उलट घरची मंडळी डायसल्फिराम (दारू सोडवायची गोळी) भाजीत लपवून देतात, तेही धोक्याचं. त्यावर दारू पोटात गेली की उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यू. आणि गोळी थांबवल्यावरही दोनेक आठवडे परिणाम राहू शकतो. घेणाऱ्याला माहीत असल्याशिवाय ती देऊच नये.

ख्रिस्ती नसलेल्यांनाही बसू देतात. वचनं-गाणी नको असतील तर एएची मराठी सभा बरी. मिस्सात मिळणाऱ्या द्राक्षारसाची धास्ती असणाऱ्याने फादरना आधी सांगून फक्त भाकर घ्यावी.

पैसे लागत नाहीत, चहाच्या डब्यात जमेल ते. तक्रार वाराची आहे: सभा गुरुवारी, आणि ओढ लागते शनिवारी रात्री. शनिवारी सहाला अर्ध्या तासाची नुसती चहाची बैठक ठेवा, असं आम्ही तीनदा सांगून झालंय. खोली क्वायरच्या सरावाला दिलेली आहे म्हणतात.