शेवाळापासून डिझेलचं किट: शाळेसाठी घ्या, शेततळ्यासाठी नका घेऊ

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी हे सूक्ष्म शेवाळाचं किट मागवलं आणि ते पाहून गावातले काही पालक विचारायला आले, "मॅडम, याचं डिझेल निघते का खरंच, आमचं शेततळं रिकामंच पडलं हाये." म्हणून हा रिव्ह्यू शिक्षकांसाठी आहे तसाच त्यांच्यासाठीपण आहे. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, असे किट आता बरेच जण विकतात.

बॉक्समध्ये क्लोरेलाचं (म्हणजे एकाच पेशीच्या हिरव्या शेवाळाचं) जिवंत कल्चर, नायट्रेट-फॉस्फेटचं खाद्य, फिशटँकचा एअर पंप, नळी, पीएच पट्ट्या आणि तेलाचं बायोडिझेल करायचं सामान येतं, म्हणजे मिथेनॉल, कॉस्टिक सोडा, सेपरेटिंग फनेल (द्रवाचे थर वेगळे करायचं तोटीचं भांडं). कल्चर एक नंबर आहे. पारदर्शक कॅनमध्ये टाकून पंप सुरू केला की पाणी आधी पोपटी मग गर्द हिरवं होत जातं, मायक्रोस्कोपखाली गोल पेशी स्वच्छ दिसतात, पोरं मधल्या सुट्टीत तिथून हलत नाहीत. नायट्रेट देणं बंद केलं की वाढ मंदावते पण पेशीत तेल साठायला लागतं, हे पुस्तिकेत मराठीत नीट समजावलंय, त्याचं कौतुक केलंच पाहिजे.

पण पुस्तिका लिहिणाऱ्याने विदर्भाचा उन्हाळा पाह्यलेला दिसत नाही. क्लोरेलाला साधारण 25 ते 30 अंश मानवतात आणि आमच्याकडे मे महिन्यात हवाच 45 वर जाते, कॅन उन्हात राहिला तर कल्चर पिवळं पडून मरतं. हिरवी शेडनेट, ओलं पोतं, आणि लाइट गेली की हातानं ढवळणं, कारण पंप बंद पडला की शेवाळ तळाशी बसतं.

आता डिझेलचं. विकणाऱ्याच्या व्हिडिओत माणूस सुती कापडातून पाणी गाळतो आणि कापडावर हिरवा लगदा जमतो, तो पाहूनच लोक पैसे भरतात. ते स्पिरुलिना आहे हो, दुसऱ्याच जातीचं शेवाळ! स्पिरुलिनाचे लांब पिळदार धागे असतात म्हणून ती कापडावर अडकते, पण तिच्यात तेल फारच कमी, ती प्रोटीनसाठी वाढवतात. बॉक्समध्ये येते ती क्लोरेला, तिची पेशी काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी, कापडातून सरळ पाण्यासोबत निघून जाते. तुरटी टाकून खाली बसवता येते, मग वाळवायची, मग हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या द्रवाने, तेल काढायचं, आपल्या तेलघाणीवर हे होत नाही.

आणि तेल किती निघणार तेपण सांगते. उघड्या टाक्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम कोरडं शेवाळ धरा, म्हणजे 1000 लिटरच्या टाकीतून अर्धा किलो, त्यात 20 टक्के तेल धरलं तर 100 ग्रॅम. ट्रॅक्टर नांगरणीला तासाला चार-पाच लिटर डिझेल पितो. त्यात पंपाची वीज, खत आणि उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी वेगळंच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 ते 1996 याच्यावर संशोधन चालवलं आणि खर्च परवडत नाही म्हणून थांबवलं, एक्झॉनमोबिल या अमेरिकन तेल कंपनीने 2009 मध्ये 60 कोटी डॉलरपर्यंत लावू म्हणून सुरुवात केली होती, त्यांनीपण शेवटी हात काढून घेतला. शेततळ्यावर कर्ज काढून हे करायला कोणी सांगत असेल तर भाऊ, त्याच्याकडे आधी तयार तेलाचा हिशोब मागा.

बायोडिझेलचा भाग मात्र मला फार आवडला, आणि त्याला शेवाळ लागतच नाही. भजेवाल्याकडचं वापरलेलं तेल गाळून, गरम करून त्यातलं पाणी उडवलं, मग ते 55-60 अंशांपर्यंत निवू दिलं, तेलाच्या पाचव्या हिश्शाइतक्या मिथेनॉलमध्ये कॉस्टिक विरघळवून ते त्यात मिसळलं, आणि रात्रभर ठेवलं तर फनेलमध्ये वर पिवळसर बायोडिझेल, खाली चॉकलेटी ग्लिसरीन असे दोन थर एकदम स्पष्ट दिसले. नववीच्या मुलांना केमिस्ट्री अशी डोळ्यांनी दिसली पाहिजे. आपल्याकडच्या करंजाच्या तेलावर हे थेट करू नका, त्यात आम्ल जास्त असतं, साबण होऊन बसतो, आधी वेगळी प्रक्रिया लागते. सरकारच्या 2018 च्या जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरलंय, तर गावातलं वाया जाणारं तेल गोळा करण्यात खरंच काहीतरी आहे असं मला वाटतं.

सगळ्यात मोठी तक्रार मिथेनॉलच्या बाटलीची. साधं पांढरं लेबल, विषाची खूण नाही, इशारा नाही. हे पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो, आणि त्याची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही. आम्ही ती कुलपात ठेवतो, तो प्रयोग मोकळ्या हवेत फक्त शिक्षक करतात आणि पोरं लांबून बघतात. विकणाऱ्याला फोन करून हे सांगितलं, लेबल बदलतो म्हणाला.

पाचपैकी तीन स्टार. एक कल्चर वाटेत मेलं होतं तर दुसरं फुकट पाठवलं, सर्व्हिस चांगली आहे, फक्त कुरिअर गावापर्यंत येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागतं, आणि पार्सल दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका.