‘३००० वॅट’चा अ‍ॅम्प आणि दोन निळे फ्यूज

खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘३००० वॅट’ लिहिलेला गाडीतला अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, माझ्या गळ्यात मारला गेला. तो जळाल्यावर त्याच मॉडेलचा दुसरा नग, माझ्यासारख्याच आणखी एका गिऱ्हाइकाकडचा, एका जाणत्या टेक्निशियनच्या टेबलावर मोजायला मिळाला. १४.४ व्होल्टचा पुरवठा, ४ ओहमचा लोड, समोर ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. आवाज चढवत नेला तशी पडद्यावरची लाट २८ व्होल्टपर्यंत (आरएमएस, म्हणजे लाटेच्या टोकाचा नव्हे, तर तिचा परिणामी आकडा) गोल राहिली आणि त्यापुढे तिचा माथा सपाट व्हायला लागला. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, त्याला ४ ने भागा. १९६ वॅट. तीन हजारांतले दोनशेही नाहीत.

आता हे कसं घडलं ते सांगतो, कारण या धंद्यातली थापेबाजी ठरावीक टप्प्यांनी येते आणि प्रत्येक टप्पा ओळखता येतो.

माझा सब, म्हणजे बास वाजवणारा सबवूफर स्पीकर, १२ इंची, दोन कॉइलचा (कॉइल म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं), प्रत्येक कॉइल ४ ओहमची. दोन्ही समांतर जोडलेल्या, म्हणजे अ‍ॅम्पला २ ओहम दिसत होते. सबची क्षमता ५०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारे वॅट. जुना अ‍ॅम्प त्याला व्यवस्थित पुरत होता, पण एक दिवस बास बंद झाला आणि अ‍ॅम्पवरचा लाल ‘प्रोटेक्ट’ दिवा लागून राहिला. दुकानदाराने डिकीत डोकावून पाहिलं आणि लगेच निकाल दिला: “दादा, अ‍ॅम्प गेला. दुरुस्तीत पैसे घालू नका, नवीन घ्या. जुना आमच्याकडे द्या, तेवढे कमी करतो.”

पहिली थाप इथेच. प्रोटेक्ट दिवा लागला म्हणजे अ‍ॅम्प मेला असं नसतं. अ‍ॅम्पने स्वतःला वाचवायला हात आखडता घेतलेला असतो. कारण बाहेरचंही असू शकतं: सबची वायर कुठेतरी बॉडीला चिकटलेली, कॉइल शॉर्ट, पुरवठ्याचा व्होल्टेज पडलेला, अर्थिंग सैल. तपासायची रीत सोपी आहे. आधी सबच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढायच्या आणि परत चालू करायचं. दिवा विझला तर दोष सबकडे किंवा त्या वायरींत. नाही विझला तर गाण्याचा सिग्नल आणणारी आरसीए केबल काढून बघायची. मग अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहायचा. एवढं सगळं करूनही दिवा हटत नसेल तरच अ‍ॅम्प उघडायचा. त्या माणसाने स्क्रू ड्रायव्हर हातातसुद्धा घेतला नव्हता. पुढे वायरिंग नव्याने करताना अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला निघाला आणि खाली गंज. माझा जुना अ‍ॅम्प धडधाकट होता, असा माझा दाट संशय आहे. तो ‘भंगार’ म्हणून आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. म्हणून जुना अ‍ॅम्प बदल्यात देण्याची घाई करू नका. ‘एक्स्चेंज’ शब्द ऐकला की मी आता सावध होतो.

दुसरी थाप जास्त हुशार होती, कारण तिच्यात अर्धं सत्य मिसळलेलं असतं. “तुमचा जुना अ‍ॅम्प कमी पॉवरचा होता. कमी पॉवरनेच सब जळतात. हा तीन हजारांचा लावा, सब आरामात चालेल.” हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. अनेक चांगली माणसंही ते प्रामाणिकपणे बोलतात. पण कॉइलला फक्त उष्णता कळते. ५०० वॅटच्या सबला २०० वॅट स्वच्छ दिले तर तो हळू वाजतो, एवढंच. यातलं अर्धं सत्य क्लिपिंगचं आहे. अ‍ॅम्प त्याच्या कुवतीपलीकडे ताणला की लाटेचा माथा कापला जातो, आणि तेवढ्याच उंचीची पूर्ण चौकोनी लाट गोल लाटेच्या दुप्पट पॉवर वाहते. म्हणजे २०० वॅटचा अ‍ॅम्प अगदी पूर्ण क्लिप झाला तरी ४०० च्या आसपास जाईल. आवाज फाटेल, कान किटतील, पण ५०० ची कॉइल त्याने जळायची नाही. सबच्याच तोडीचा अ‍ॅम्प क्लिप होऊन तासन्‌तास बडवला तर मात्र जळेल. विक्रेता हा सगळा हिशेब गाळतो आणि फक्त भीती विकतो.

मग डेमो. दुकानातला सब वेगळा, बॉक्स वेगळा, पोर्ट असलेला, खास ४०-५० हर्ट्झला घुमणारा. अ‍ॅम्पचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खटका) शेवटपर्यंत फिरवलेला, बास बूस्ट पूर्ण. छाती हादरली आणि तिथेच अर्धा सौदा झाला. या डेमोत अ‍ॅम्पची परीक्षा होतच नाही, होते ती बॉक्सची. शिवाय वॅट आणि आवाज यांचं नातं लोकांना वाटतं तसं सरळ नाही. पॉवर दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, जो फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. दोनशे वॅटचा अ‍ॅम्प चांगल्या बॉक्सवर हजाराचा भासू शकतो, आणि दुकानदार नेमका यावरच जगतो.

फिटर मुलाने अ‍ॅम्प बसवला, जुन्यासारखाच दोन्ही कॉइल समांतर, दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे दोघांची ताकद एकत्र करून एकाच सबला देऊन. सुरुवातीला वाजला. थोडा वेळ जोरात लावला की फ्यूज उडायचा. परत नेला. अ‍ॅम्पच्या कडेला दोन निळे ब्लेड फ्यूज होते, १५ अँपिअरचे. मुलाने ते काढले आणि तिथे दोन हिरवे ठोकले, ३० चे. “कंपनी लहान टाकते, दादा. आता नाही उडणार.” खरंच नाही उडाला. काही दिवसांनी गाणं चालू असतानाच सबमधून ‘ठक्’ असा आवाज आला, कोन पुढे येऊन तिथेच अडकला आणि डिकीतून जळक्या वार्निशचा वास यायला लागला.

कारण टेबलावर उघड झालं. आउटपुटचा ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट झाला आणि कॉइलमध्ये सरळ डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह, घुसला. एरवी कोन हलतो तेव्हा कॉइलला हवा लागते, ती थंड राहते. डीसीमध्ये कोन एका जागी खिळतो आणि कॉइल हीटरसारखी तापत बसते. निळे फ्यूज असते तर ते उडून बहुधा सब वाचला असता. म्हणजे एका दुकानाने मला खोटा अ‍ॅम्प विकला, आणि त्याच दुकानाने तो माझा सबही खाईल अशी सोय करून दिली. गाडीच्या वायरिंगने पेट घेतला नाही हे नशीब. फ्यूज उडतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. कुणी मोठा फ्यूज घालायला निघाला तर त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घ्या.

अ‍ॅम्प उघडला तेव्हा आतलं दृश्य पाहून टेक्निशियनसुद्धा हसला. लांबलचक अ‍ॅल्युमिनियमची खोळ आणि आत तिच्या निम्म्याहून कमी लांबीचा बोर्ड. उरलेली जागा रिकामी. ट्रान्झिस्टर मोजके, पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर एवढासा.

दाद मागायला गेलो तर सूर बदललेला. “दोन ओहमला कशाला जोडला? कार्डावर लिहिलंय बघा, ब्रिजमध्ये कमीत कमी चार.” कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत ते खरोखर छापलेलं होतं. जोडणारा त्यांचाच माणूस होता, पण बिलावर ‘फिटिंग’ हा शब्दच नाही. बिलावर काय होतं? ‘अ‍ॅम्प्लिफायर, १ नग’. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, वॅट नाहीत. आणि सब? “तो आधीपासूनच खराब असेल.” यावर वाद घालायला माझ्याकडे कागद नव्हता.

आता खरेदीबद्दल. वॅटचा आकडा कुठून येतो हे कळलं की खोक्याची अर्धी जादू उतरते. आरएमएस म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकेल ती पॉवर. ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ म्हणजे लाटेच्या टोकाचा क्षण, जो कागदावर आरएमएसच्या दुप्पट भरतो. त्यात मग सगळे चॅनल मिळवतात, आणि त्यापुढे छापखान्याची मर्जी. यावर उपाय म्हणून अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ नावाचं मानक आलं: १४.४ व्होल्ट पुरवठा, ४ ओहम लोड आणि विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून मोजलेले वॅट. आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात हे नाव किंवा निदान या तीन अटी दिसल्या पाहिजेत. किती ओहमला, किती व्होल्टवर, किती विकृतीला, हे न सांगता नुसते वॅट सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. रॉकफर्ड फॉसगेटसारख्या काही कंपन्या प्रत्यक्ष मोजलेल्या वॅटचा दाखलाही अ‍ॅम्पसोबत देतात.

कागद नसेल तर फ्यूज वाचा. माझ्या अ‍ॅम्पवर १५ चे दोन, म्हणजे ३० अँपिअर. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट आत जाणार. क्लास एबी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या रचनेचा अ‍ॅम्प त्यातला जवळपास अर्धा भाग उष्णतेत घालवतो, म्हणून बाहेर दोनशेच्या थोडं वर. ऑसिलोस्कोपने १९६ सांगितले, फ्यूजने तेच दुकानात सांगितलं होतं. कमी तापणाऱ्या क्लास डी रचनेचा असेल तर सुमारे ८० टक्के बाहेर येतात असं धरा. मात्र हा हिशेब फक्त वरची मर्यादा दाखवतो. बनवणारे आता हेही शिकलेत. कडेला ४० चे तीन फ्यूज दिसले म्हणून आत तेवढा माल आहे असं होत नाही. फ्यूज लहान असेल तर थाप नक्की, मोठा असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

उलटा हिशेबही करून बघा. खरे ३००० वॅट काढायला क्लास डी अ‍ॅम्पलाही सुमारे २६० अँपिअर लागतील. साध्या गाडीच्या अल्टरनेटरची कुवत यापेक्षा कितीतरी कमी असते. आणि वजनावर जाऊ नका. क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे सबसाठीचा एकाच चॅनलचा अ‍ॅम्प, मुळातच लहान आणि हलका असतो; जड, लांब खोळ हा आता फसवणाऱ्यांचाच आवडता प्रकार झालाय.

अ‍ॅम्प निवडताना सुरुवात सबपासून करा. त्याचे आरएमएस वॅट किती आणि जोडणीनंतर ओहम किती, हे आधी कागदावर लिहा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २, सिरीजमध्ये ८. २ ओहमच्या दोन असतील तर १ किंवा ४. मधलं काही मिळत नाही. मग त्याच ओहमला तेवढे वॅट देणारा आणि त्या ओहमला स्थिर असल्याचं लिहिलेला मोनोब्लॉक शोधा. मी नंतर घेतला तो २ ओहमला ५०० वॅटचा क्लास डी, कडेला ३० चे दोन फ्यूज. हिशेब जुळतो: ५०० भागिले ०.८, भागिले १४.४, म्हणजे ४३ च्या आसपास अँपिअर. सिरियल नंबर पैसे देण्याआधी कंपनीकडून पडताळून घेतला, कारण नावाजलेल्या नावांच्या नकलाही भरपूर फिरतात.

वायर किटमध्येही हाच खेळ. ‘४ गेज’ (वायरच्या जाडीचं माप) लिहिलेल्या जाड वायरचं प्लास्टिक सोला. बऱ्याचदा आत तारा कमी आणि प्लास्टिकच जास्त निघतं. खऱ्या ४ गेजमध्ये सुमारे २१ चौरस मिलिमीटर धातू असतो. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहून नेतं. असली वायर वापरूच नये असं नाही, पण मग ती जाड घ्यावी लागते आणि तांब्याच्या भावाने तर मुळीच घेऊ नये. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. अर्थिंगला रंग घासून उघडा पत्रा. शेवटी बास जोरात चालू असताना बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर फिटिंग पुन्हा नव्याने करायला लावा.

गेन कानाने लावू देऊ नका, फिटर कितीही अनुभवी असला तरी. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हेड युनिटच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्टिरिओच्या, सिग्नलशी अ‍ॅम्पचा मेळ घालायची ती जागा आहे. सब काढून ठेवायचा, बास बूस्ट शून्य, हेड युनिट तीन चतुर्थांशावर, ५० हर्ट्झचा टोन, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर. ५०० वॅट गुणिले २ ओहम म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. काटा तिथे आला की थांबायचं. माझ्या नव्या अ‍ॅम्पचा गेन निम्म्याच्याही अलीकडे राहिला, आणि बदललेला सब त्यावर स्वच्छ वाजतो.

बिलावर मी या वेळी मॉडेल, सिरियल नंबर, ‘२ ओहमला ५०० वॅट आरएमएस’ आणि फिटिंग करणाऱ्याची सही, सगळं लिहून घेतलं. नव्या दुकानदाराने कुरकुर न करता लिहून दिलं. त्याआधी गेलो होतो तिथला मात्र ‘आरएमएस’ लिहा म्हटल्यावर अचानक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.