संगीत ॲपची वार्षिक वर्गणी : जवळजवळ वर्षभराच्या वापरानंतर

उद्या खात्यातून पुढील वर्षाची रक्कम कापली जाईल असा संदेश काल संध्याकाळी आला, म्हणून हा अनुभव आजच लिहीत आहे. (असा संदेश किमान 24 तास आधी देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2021 पासून लागू झाले. ते नसते तर पैसे गेल्यावरच कळले असते.) कोट्यवधी गाणी, जाहिराती नाहीत, डाउनलोडची सोय, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि आवाजाच्या दर्जाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा राग ऑटोप्लेवर आहे.

एक रेकॉर्डिंग संपले की श्रोत्याला क्षणभरही रिकामे ठेवायचे नाही, असा या ॲपचा बाणा आहे. पाऊण तासाचा भूप संपतो, आणि तानपुरा थांबतो न थांबतो तोच 'संध्याकाळचे राग' या नावाखाली देशकार सुरू होतो. दोन्ही रागांचे सूर तेच पाच, म्हणजे सा, रे, ग, प, ध. मात्र भूपात वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर, गंधार (ग) आहे आणि देशकारात धैवत (ध). शिवाय भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, तर देशकार सकाळी. ॲपला सूर मोजता येत असतील, पण कोणत्या सुरावर मुक्काम करायचा हे त्याच्या गावी नसावे. रागाच्या नावासाठी त्यात वेगळा रकानाच नाही. रोमन लिपीत 'भूप' शोधले की एक यादी मिळते, 'भूपाली' शोधले की दुसरी, आणि स्पेलिंग थोडे इकडेतिकडे झाले की 'भोपाली' म्हणवणाऱ्या शायरांच्या गझला समोर येतात.

हे ॲप माझी आवड ओळखते, असा त्याचा दावा आहे. गणपतीत घरी आरत्या लावल्या होत्या. दिवाळी उलटली तरी सकाळी ॲप उघडताच भक्तिगीतांची यादी पुढे येत होती, आणि वर्षअखेरीच्या गोषवाऱ्यात माझे सर्वाधिक ऐकलेले ध्वनिमुद्रण म्हणून एका आरतीचे अभिनंदनपर चित्र आले. आरती घरातल्या सर्वांसाठी लावली जाते. ती ऐकणे आणि ती माझी आवड असणे यांत फरक आहे, हे मोजणाऱ्या यंत्राला कोण सांगणार? काय मोजतात तेही पाहण्यासारखे आहे. स्पॉटिफायसारख्या मोठ्या सेवेत गाणे 30 सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे धरतात. अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, त्यामुळे बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला जवळजवळ मिनिट लागते. म्हणजे गवई पहिल्या समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) पोहोचण्याच्या आतच माझी पसंती नोंदवून झालेली असते.

पहिल्या काही महिन्यांनंतर मी या ॲपला पाचपैकी दोन गुण दिले असते. मत बदलले ते कोकण रेल्वेमुळे. त्या मार्गावर बोगद्यांत शिरले की रेंज जाते, आणि साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात तर ती येण्याची वाट पाहण्यातही अर्थ नसतो. म्हणून निघण्यापूर्वी फोनच्या जागेत मावतील तेवढी, चाळीसेक रेकॉर्डिंगे उतरवून घेतली, ऑटोप्ले बंद केला आणि ॲप ऑफलाइन ठेवले. घरी परतल्यावरही ते तसेच राहू दिले. मोजकेच हाताशी असल्यामुळे तेच तेच पुन्हा ऐकणे झाले, आणि आपल्याला द्रुत (जलद) बंदिशी, तराणे आणि तानांची आतषबाजी आवडते ही माझी समजूत त्यातून ढासळली. तराणे एकदा ऐकून होत आणि मग पडून राहत. परत परत लावावीशी वाटली ती बड्या, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाची पहिली वीस मिनिटे, ज्यांत गायक रिषभाशी (रे) रेंगाळतो, गंधाराला नुसता स्पर्श करून मागे येतो आणि तो पूर्ण लागेपर्यंत ऐकणाऱ्याला तिष्ठत ठेवतो. हे मला कोणत्याही शिफारशीने सांगितले नव्हते, कारण बसमधल्या वीस मिनिटांत मी जे पुढे ढकलत नसे, तेवढेच शिफारशींना ठाऊक होते.

यावर माझ्या एका स्नेह्यांनी आक्षेप घेतला की ही आवड नसून निव्वळ सवय आहे. आक्षेप पोकळ नाही. केवळ वारंवार समोर आल्यानेही एखादी गोष्ट आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1968 मध्ये प्रयोगांनी दाखवले आहे. परंतु सगळा सवयीचाच खेळ असता, तर चाळीसही रेकॉर्डिंगे थोड्याफार फरकाने सारखीच आवडायला हवी होती. त्यांतल्या काही ठुमऱ्या तितक्याच वेळा ऐकूनही कंटाळवाण्या वाटू लागल्या आणि मी त्या काढून टाकल्या. मारवा रागाचे एक रेकॉर्डिंग मात्र सुरुवातीला रुक्ष वाटूनही टिकला.

म्हणजे गुण वाढायला हवेत, आणि साडेतीनपर्यंत ते वाढलेही होते. मग एके दिवशी तोच मारवा यादीत करड्या रंगाचा होऊन बसला. डाउनलोड केलेला, पैसे भरलेला, तरी वाजेना. ग्राहक सेवेशी चॅटवर दोन दिवस झटापट केल्यावर उत्तर आले की हक्कधारकांनी ते ध्वनिमुद्रण मागे घेतले आहे, आणि सोबत 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून बारा मारव्यांची यादी. वर्गणीतला उर्वरित हिस्सा परत मागितला, तर तशी तरतूद नसल्याचे कळले. ज्याला काहीही चालते त्याला या सेवेत काही कमी पडणार नाही. तिचा जाच सुरू होतो तो नेमके काय हवे हे ठरल्यावर, कारण तेव्हाही आपण केवळ भाडेकरूच असतो.

हिशेब केला. कोट्यवधी गाण्यांपैकी मला तूर्त तीसेक पुरतात. त्यांतली बहुतेक जुन्या सीडींवर आहेत, आणि पुण्यात अशा सीडी दोन वर्षांच्या वर्गणीपेक्षा कमी पैशांत मिळतील असा अंदाज आहे. दोन-तीन रेकॉर्डिंगे कुठेच विकत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी अधूनमधून एका महिन्याची वर्गणी भरेन. ई-मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची दिलेली परवानगी, आज दुपारी रद्द केला. त्याचे बटण सेटिंग्जमध्ये पाच पायऱ्या खाली दडवलेले आहे, म्हणून अर्धा गुण कापत आहे. पाचपैकी तीन.