आठ महिने हेरकथांवर: वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगते, माल चांगला आहे, पण वेष्टनावर जे छापलंय ते आत मिळेलच असं नाही. वेष्टनावर असतं ‘श्वास रोखायला लावणारा वेग’. आठ महिन्यांत अशा एकतीस कादंबऱ्या संपवल्या आणि आता माझं मत असं की यातल्या खरोखर चांगल्या पुस्तकांत कुणी फारसं धावत नाही.

पहिला महिना जागरणात गेला. साडेअकराला ‘एकच प्रकरण’ म्हणून पुस्तक उघडायचं आणि अडीचला दिवा मालवायचा. प्रकरणं चार-पाच पानांची. शेवटच्या ओळीत दार वाजतं. कोण आलंय ते बघायला पान उलटावं तर पुढचं प्रकरण भलत्याच शहरात, भलत्याच माणसाबरोबर सुरू झालेलं. त्या माणसाच्या शेवटच्या ओळीत फोन वाजतो, तेव्हा कुठे आपलं दार उघडतं. ही क्लृप्ती चौथ्या पुस्तकात लक्षात आली, तरी मी फसतच राहिले. मग एक उपाय सापडला, तो फुकट देते: प्रकरण संपायला अर्धं पान उरलं की पुस्तक मिटायचं. झोप लागते. विश्वास बसणार नाही, पण लागते.

तिसऱ्या महिन्यात फ्रेडरिक फोर्साइथची ‘द डे ऑफ द जॅकल’ हातात आली आणि माझा हिशेबच बदलला. पुस्तक १९७१ सालचं. एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या मागावर आहे. गंमत अशी की द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले होते. म्हणजे हा गडी फसणार, हे वाचणाऱ्याला पहिल्या पानाआधीच ठाऊक. तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

का, ते पासपोर्टच्या प्रसंगात कळतं. मारेकरी इंग्लंडात एका चर्चच्या आवारातली थडगी वाचत हिंडतो. त्याला असं मूल हवं असतं, जे तान्हेपणीच गेलं, पण जगलं असतं तर साधारण त्याच्याच वयाचं असतं. नाव मिळालं की त्या नावाच्या जन्मदाखल्याची प्रत मागवायची आणि तिच्या जोरावर पासपोर्टचा अर्ज भरायचा. ही पळवाट त्या काळी खरोखर उघडी होती. गोळी नाही, पाठलाग नाही; एक माणूस सरकारी फॉर्म भरतोय आणि आपण नखं खातोय! फोर्साइथ आधी पॅरिसमध्ये रॉयटर्सचा बातमीदार होता. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे शोधून काढायची सवय जाणवते. मारेकऱ्याच्या मागावरचा पोलीस अधिकारीही बराचसा फोनवर आणि फाइलींतच असतो. दोन कारकुनांची शर्यत म्हणा ना.

तेव्हापासून मी पुस्तकं याच काट्यावर तोलते. जेम्स बाँडचा जनक इयन फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर विभागात होता. दुसरा हेरकथाकार जॉन ल कॅरे, तोही ब्रिटिश हेरखात्यातलाच. दोघांनाही हे काम आतून माहीत. १९५३ साली आलेला पहिला बाँड लिहिताना फ्लेमिंगनं ऑफिसला जवळजवळ सुट्टी दिली, तर ल कॅरेनं पुढं ऑफिसच कथेच्या मध्यावर आणून बसवलं. बर्लिनची भिंत १९६१ सालची. १९६३ साली त्याची त्या भिंतीपाशी सुरू होणारी कादंबरी आली, तिचा नायक दमलेला, उबगलेला. मजा बाँडमध्ये जास्त आली, कबूल. पण आठ महिन्यांनी डोक्यात उरलाय तो दमलेला माणूस.

खऱ्या हेरगिरीतही असंच दिसतं. सीआयएतला आल्ड्रिच एम्स रशियनांना गुपितं विकायचा आणि वॉशिंग्टनमधल्या एका टपालपेटीवर खडूची रेघ ओढून खूण द्यायचा. १९९४ साली पकडला गेला. टपालपेटी, खडू, बस्स. हल्ली कुठल्याही भिंतीवर रेघ दिसली की माझी मान वळते, हा दुष्परिणाम नोंदवून ठेवते.

आता तक्रारी. जुन्या कथेत फोनचा बूथ सापडेपर्यंत तीन पानं ताण मिळायचा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, म्हणून लेखकाला आधी तो बंद पाडावा लागतो. एकतीसपैकी नऊ पुस्तकांत ऐन वेळी बॅटरी गेली. जगातले एकाहून एक तरबेज हेर, आणि चार्जर कुणाकडेच नाही. बायका बहुतेक ठिकाणी एकतर फितूर, नाहीतर मेलेल्या. मालिकांचं म्हणाल तर तिसऱ्या-चौथ्या भागापुढे मी गेले नाही.

अनुवादांवर मात्र थोडं थांबायला हवं. ‘डेड ड्रॉप’ म्हणजे दोघांनी एकमेकांना न भेटता पाकीट ठेवायची आणि उचलायची ठरलेली जागा. एका अनुवादात त्याचं चक्क ‘मृत थेंब’ केलं होतं. नायक रात्री दोन वाजता बागेत मृत थेंब तपासायला जातो! त्याच पुस्तकात ‘आपली मालमत्ता बर्लिनमध्ये पकडली गेली’ असं वाक्य आहे. मालमत्ता म्हणजे मूळचा ‘ॲसेट’, हेरांच्या भाषेत फोडलेला खबऱ्या, हे मला चाळीस पानांनी उमगलं. तोवर मी जप्तीच्याच विचारात होते.

टिकाऊपणा? एकतीसपैकी वीसेक पुस्तकांची गोष्ट आज मला सांगता येणार नाही. खलनायकाला काय उडवायचं होतं, कोण कुणाचा माणूस निघाला, सगळं पुसलं गेलंय. उरल्या त्या खुणा, दाखले, वाट बघत बसलेली माणसं. दुसऱ्यांदा वाचायला मात्र एकच पुस्तक काढलंय, आणि काल रात्री पुन्हा त्या थडग्यांपाशी पोचले. अर्धं पान राखून मिटायचं होतं, राहिलं नाही.