माडीवरचं फडताळ झालं पेंटिंग टेबल: एक पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

रंग कुठले वापरतोस, ब्रश कुठला, असं मला जो तो विचारतो आणि मी त्यांना फडताळाबद्दल सांगायला लागतो. रंग काय, पैसे भरले की कुरिअरनं येतात. जागा येत नाही. म्हणून हा रिव्ह्यू आमच्या सांगलीतल्या गावभागातल्या घराच्या माडीवर जे जुनं भिंतीतलं फडताळ होतं, त्याचं एका सुतारमामांनी मला मिनिएचर (म्हणजे खेळातले चिमुकले प्लास्टिकचे शिपाई) रंगवायचं टेबल करून दिलं, त्या कामाचा. गेल्या तुळशीच्या लग्नाला हातात आलं (कबूल केलं होतं दसऱ्याला, ते पुढं येईलच), म्हणजे मधे एक अख्खा पावसाळा गेलाय, आता बोलायला हरकत नाही.

ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉरहॅमर फॉर्टी के म्हणून टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ आहे, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा, १९८७ पासूनचा. सैन्य विकत घेतलं की ते करड्या प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेल्या सुट्या हातापायांच्या रूपात येतं, त्या चौकटीला स्प्रू म्हणतात. कापायचं, खरवडायचं, चिकटवायचं, रंगवायचं सगळं आपणच. एक शिपाई म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराहून जरासा उंच. त्याच्या पट्ट्यावरच्या बकलवर कवटी असते आणि त्या कवटीला दात असतात, आणि ते दात रंगवायचे असतात. व्हय, खरंच.

आधी मी हे सगळं खाली डायनिंग टेबलवर करायचो. पेपर पसरा, रंगाच्या बाटल्या काढा, दिवा लावा, पाण्याचे दोन डबे भरा, यातच वीस मिनिटं जायची आणि जरा हात बसतोय तोवर पानं घ्यायची वेळ. मग सगळं उलट्या क्रमानं आत. शिवाय एकदा ब्रश धुतलेल्या पाण्याचा पेला आणि बाबांच्या काढ्याचा पेला शेजारी शेजारी राहिले, ती हकीकत मी इथं सांगणार नाही. त्या अख्ख्या वर्षात माझे अकरा शिपाई रंगवून झाले. अकरा!

आईचं म्हणणं, जिन्याखाली कर की, तिथं मोकळीच आहे जागा. जिन्याखाली तर आधीच होतं सगळं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या घरात छातीएवढं होतं, आणि आम्ही कागदपत्रं, दागिने, गॅसची शेगडी, बाबांची औषधं वर नेली, बुटाच्या खोक्यातलं सैन्य कुणाच्या लक्षात यायचं? पाणी उतरल्यावर शिपाई गाळात सापडले. प्लास्टिकच ते, जुन्या टूथब्रशनं घासल्यावर बहुतेक वाचले. रंगांचं मात्र शिकण्यासारखं झालं. सिटाडेल कंपनीच्या रंगांच्या टोपण वर उघडणाऱ्या डब्या, ज्यांच्या कडेला रंग सुकून झाकण नीट बसत नव्हतं, त्यात कृष्णामाईचा गाळ भरला, आणि व्हॅलेहो कंपनीच्या थेंब पाडायच्या बाटल्या बाहेरून धुतल्या की आत जशाच्या तशा. तेव्हापासून मी ड्रॉपरवाला माणूस आहे.

तर सुतारमामा माप घ्यायला आले आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "एकोनीसला पानी कुठवर आलतं?" म्हटलं माडीला नाही लागलं. "मग हितं करू." तिथंच मला माणूस पटला. काय करायचंय हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. मी खिशातून एक शिपाई काढून दाखवला, त्यांनी तो चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरला, उलटा केला, पालथा केला आणि म्हणाले, "ह्येला डोळं बी हायत की." मग पुढचं सोपं गेलं.

काम असं: फडताळाची चौकट जुनी सागवानी, ती तशीच ठेवली. दोन दारं काढून त्यांच्या जागी एकच झडप, खालच्या बाजूला बिजागऱ्या, वर कडी. कडी काढली की झडप खाली येऊन टेबल होतं, तीन फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल. आत वरती सामानाची एक फळी, मधे रंगांच्या पायऱ्या, खाली एक ड्रॉवर. प्लाय १९ एमएमचा, पाण्याला टिकणारा सातशेदहा नंबरचा घ्यायला लावला त्यांनी, मी साधा घेणार होतो. सामान ६,२०० आणि मजुरी ४,०००.

पायऱ्यांची कल्पना त्यांची. मी म्हटलं रंगाच्या बाटल्या एकामागं एक ठेवल्या की मागच्या दिसत नाहीत, तर ते म्हणाले म्हणजे गौरीपुढं आरास करतो तसं पायजे तुम्हाला. अगदी तसं! पाच पायऱ्या, प्रत्येकीला बारा भोकं. मापाला मी एक बाटली दिली होती आणि इथं घोळ झाला, कारण भोकं त्यांनी बाटलीच्या मापाची पाडली, म्हणजे बरोब्बर बाटलीच्याच मापाची, वर पॉलिशचे दोन हात. बाटली आत जायची ती बाहेर यायलाच तयार नाही, टोपण धरून ओढलं तर टोपण हातात. साठ भोकं मग त्यांनी पॉलिश पेपरनं एकेक करून मोठी केली, जादा पैसे न घेता. कुणी असं करून घेणार असाल तर भोक बाटलीपेक्षा दोन एमएम मोठं सांगा.

दुसरी तक्रार झडपेची. सुरुवातीला ती दोन बाजूंच्या साखळ्यांवर नुसती लटकत होती. दिसायला झकास. पण कोपरं टेकली की झडप हलकीशी नाचायची, आणि हे काम कोपरं टेकल्याशिवाय होत नाही. दोन्ही मनगटं एकमेकाला भिडवायची, शिपाई डाव्या हातात, ब्रश उजव्यात, करंगळी करंगळीला टेकवून, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि मग डोळ्यात काळा ठिपका. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा माणूस बघा कधी, तोही हात कुठंतरी टेकवतोच. आमच्या झडपेवर पहिल्या आठवड्यात तीन शिपाई चकणे झाले. मग मामांनी खाली आधाराला घडी होणाऱ्या दोन घोड्या बसवल्या, आता झडपेवर माझी लेक चढून बसली तरी हलत नाही (बसली होती, ओरडा खाल्ला).

तिसरी चूक माझी. वरून सनमायका मी हौसेनं पांढराशुभ्र आणि चकचकीत निवडला. दिव्याचा उजेड त्यावरून सरळ डोळ्यात येतो, अर्ध्या तासात डोकं धरतं. आता त्यावर खाकी कागद चिकटपट्टीनं लावलाय. मॅट घ्या आणि रंग मधला घ्या, करडा नको, कारण करड्यावर उडालेला शिपायाचा करडा हात पुढच्या दिवाळीच्या साफसफाईतच सापडतो. त्यावरून आठवलं, झडपेला पुढं अर्ध्या इंचाची कड लावून घेतली हे लय शहाणपणाचं झालं, घरंगळत गेलेलं सगळं तिथं अडतं. पण मागं, झडप आणि फडताळाच्या तळाच्या मधे जी फट राहिली होती, तिनं पहिल्या महिन्यात दोन खांद्याची चिलखतं आणि एक पिस्तूल गिळलं. मग रबराची पट्टी ठोकली.

उजेडाचं म्हणाल तर खिडकी उत्तरेला आहे, नशीब. दिवसभर उजेड फिरत नाही. रात्रीसाठी वरच्या फळीखाली कूल डेलाइटची एलईडी ट्यूब. आधी पिवळा बल्ब होता, त्याखाली पांढऱ्यावर पिवळा हात दिलेला दिसायचाच नाही, सकाळी बघावं तर शिपायाला कावीळ.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी ताटली, विकत घेतलं नाही. चपट्या डब्यात भांडी घासायचा नवा स्पंज ओला करून, वर बेकरीवाल्यांचा बटर पेपर. ॲक्रिलिक रंग त्यावर दोन दिवससुद्धा ओला राहतो, एरवी आपल्या उन्हाळ्यात दहा मिनिटांत साय धरते. पावसाळ्यात डब्याला बुरशीचा वास मारतो, स्पंजखाली तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून ठेवतो, फरक पडतो. हे सगळं आता झडप लावली की आतल्या आत राहतं, आणि मुद्दा हाच आहे. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं मिळाली तर कडी काढायची, कालचा रंग पॅलेटवर ओलाच असतो, एका शिपायाचे बूट करायचे, कडी लावायची. या वर्षात चौऱ्याहत्तर झाले. रंग तेच, ब्रश तोच.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मात्र या टेबलावर मारायचा नाही, तो गच्चीवरच. तेही पावसाळ्यात नको, हवेतल्या दमटपणानं रंगावर पांढरी भुकटी बसते, आणि एप्रिलच्या दुपारी नको, तेव्हा रंग शिपायापर्यंत पोचायच्या आधीच वाळतो आणि अंग वाळूसारखं खरखरीत होतं. मी सगळं सैन्य थंडीतल्या सकाळी एकदम उरकतो. मधे गरज लागली तर ब्रशनं लावायचा प्रायमर.

खालच्या ड्रॉवरात एक काचेची बरणी असते डेटॉलची. बिघडलेले शिपाई त्यात एक दिवस बुडवले की जुना रंग सुटतो, पण काढल्यावर आधी डेटॉलमधेच ब्रशनं घासायचे, लगेच पाण्याखाली धरले तर त्या रंगाचा असा काही चिकट डिंक होतो की विचारू नका. बरणी उघडली की आई खालून हाक मारते, "काय कापलं रे?"

पावसाळ्यात काय झालं, तर जुलैमधे जुनी चौकट फुगली आणि झडप लागेना, खालून गुडघा मारून लावावी लागायची. प्लायला काही झालं नाही. मामांनी येऊन एका बाजूनं रंधा मारला, पण म्हणाले थंडीत फट पडेल, आणि पडलीच. जुन्या सागवानाला नवं काम जोडलं की हे चालायचंच.

उरलेल्या प्लायमधून त्यांनी मला ३० बाय ४४ इंचाचे दोन बोर्ड कापून दिले. २०२० पासून खेळाचं मैदान ४४ बाय ६० इंचाचं मानतात, म्हणजे दोन जोडले की झालं. रविवारी मिरजेहून मित्र येतो, कॉटवर बोर्ड टाकतो, भडंगाची परात मधे ठेवायची नाही हा एकच कडक नियम (तेलकट बोट आणि वॉर्निश न मारलेला शिपाई, कळलं असेल). एरवी बोर्ड दारामागं उभे.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. एक मार्क उशिराचा कापला. दसऱ्याला देतो म्हणून मधे वीसेक दिवस मामांचा फोन लागत नव्हता, फडताळ दारं काढून उघडं पडलेलं, आतलं सगळं सामान आमच्या पलंगावर, आणि ही रोज रात्री माझ्याकडं बघायची. कुणाची लग्नाची ऑर्डर आली होती म्हणे. काम बघून राग गेला, पण मार्क नाही देत.

एक राहिलंच, वरची सामानाची फळी. ती मी ड्रॅगनसाठी मुद्दाम उंच ठेवून घेतली होती, पंख उघडे असलेला, अजून घ्यायचाय. मधे दोन दिवस गावाला गेलो, येऊन बघतो तर तिथं लिंबाच्या लोणच्याची बरणी, दादरा बांधून. आई म्हणाली, फडताळ माझं होतं आधी.